चुण्या मोडतात म्हणून

अंगावरच्या ड्रेसच्या चुण्या मोडतील म्हणून बाईने दिवसभर बसायचंच नाही, असा नियम एखाद्या दुकानदाराने केला, तर तुम्ही त्याच्याकडे खरेदीला जाल का?

लगेच नाही म्हणू नका. जाताय तुम्ही. यंदाच्या वसंतात आपण सगळेच जातोय.

आमच्या इकडचा वसंत मला माहीत आहे. पारसिकच्या डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडतं, संध्याकाळी कुठेतरी ते पेटलेलं दिसतं, रबाळ्याच्या बाजूने येणारी धूळ दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर बसते आणि आई दर दोन तासांनी खिडकीची कड पुसते. मॉलमधला वसंत वेगळा. तो संक्रांतीच्या आसपासच खोक्यांत भरून येतो. काचेमागे पुठ्ठ्याचे गुलाबी फ्लेमिंगो उभे राहतात, एसी वाढवतात, आणि मग पुतळ्यांच्या अंगावर ते ड्रेस चढतात. गळ्यापासून बारीक बारीक चुण्या, खांद्यावर झालर, मनगटावर झालर, कमरेखाली एकावर एक थरांची झालर. पिस्ता, लिंबू, फिकट गुलाबी. चालताना सगळं अंगभर हलतं.

सुंदर आहेत ते ड्रेस. हे आधीच लिहून टाकते, कारण माझ्यासारख्या मुलीने कपड्यांबद्दल लिहायला घेतलं की लोकांना वाटतं, आता ही नटण्यामुरडण्याला नावं ठेवणार. माझे बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात कामाला होते आणि तो बंद पडेपर्यंत तिथल्या युनियनचं काम बघत होते. आमच्या घरात गादीखाली, कपाटावर, गॅसच्या नळीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले तीच मुळी ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवरून. बाबांकडे जे काका लोक चहाला यायचे ते फॅशन हा शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारायचे. मला तेव्हाही ते पटलं नाही. भगिनींना पत्रकात एका ओळीत उरकायचं आणि त्यांना एखादी झालर आवडली की त्यांना थिल्लर म्हणायचं, हा कुठला न्याय? सुंदर दिसावंसं वाटणं हा गुन्हा नाही. गुन्हा दुसरीकडे घडतोय, आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

माझी वहिनी सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात विक्रीचं काम करते. दुकानाचं नाव लिहीत नाही. वहिनीचंही नाही. तिने तसं बजावलंय, आणि का बजावलंय ते पुढे कळेलच.

वहिनी खाडीकाठच्या गावातली. तिचं माहेर मासळीचं. आमच्या कोपरखैरण्याच्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्यावर माझा भाऊ हसायचा. तिने एकदा त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, “मना हसतंस? तुझी बोली हाय तरी कनची? अर्धी हिंदी, अर्धी मोबाइलमधली.” तेव्हापासून तो गप्प आहे. दुकानात मात्र ती वेगळंच बोलते. तिथे ‘हॅलो मॅम, वेलकम मॅम, यात अजून एक शेड आहे मॅम’. घरी येऊन चपला काढल्या की तिची बोली परत येते.

जानेवारीच्या शेवटी दुकानाने नवं फर्मान काढलं. फ्लोअरवरच्या मुलींनी काळी पँट आणि टी-शर्ट घालायचा नाही. वसंत संपेपर्यंत सगळ्यांनी नव्या कलेक्शनमधला ड्रेस घालूनच उभं राहायचं. वहिनीच्या वाट्याला पिस्ता रंग आला. पहिल्या दिवशी ती तो घरी घेऊन आली, घातला आणि आमच्या पुढच्या खोलीत, टीव्ही आणि दिवाण यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात गिरकी घेतली. झालरी टीव्हीला लागल्या. आई म्हणाली, “अगं पोरी, चक्कर येईल. आता असं फिरायचं नाही.” बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. “आमच्या आजीचा परकर वाटतोय. तो एवढा महाग नव्हता.” वहिनी हसत होती. तिला तो ड्रेस मनापासून आवडला होता. आणि त्यामागे अजून एक कारण होतं, ते तिने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं.

“बघ,” असं म्हणून तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. “दिसतं काय काय?”

काहीच दिसत नव्हतं. चुण्या आणि झालरीखाली सगळं झाकलं होतं.

तिला तेव्हा चौथा लागला होता. आणि दुकानात कुणालाही ते कळू द्यायचं नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट याच्यावर आहे. वहिनी दुकानात काम करते, पण दुकानाच्या नोकरीत नाही. ती दुकानाला माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीच्या पगारावर आहे. गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही, तिला बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते, हा कायदा वहिनीला माझ्याइतकाच माहीत आहे. पण गेल्या वर्षी तिच्याबरोबरच्या एका मुलीचं पोट दिसायला लागलं, तेव्हा तिला कुणी काढलं नाही. ‘तब्येत सांभाळ’ म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात तिची ड्युटी अर्धी झाली, मग तिची कामगिरी कमी पडते असा शेरा आला, आणि मग एक दिवस ड्युटीच्या वेळापत्रकात तिचं नावच नव्हतं. तिला रजा मिळाली नाही. ती नोकरीतच राहिली नव्हती, तर रजा कसली? म्हणून वहिनीने ठरवलं होतं की रजा सुरू करता येईल तो दिवस उजाडेपर्यंत पोट लपवायचं आणि मग सगळे कागद एकदम टेबलावर ठेवायचे. तोवर नोकरी टिकली पाहिजे आणि पोटातलं बाळ सुखरूप राहिलं पाहिजे. तिला हवं होतं ते एवढंच. आणि वसंताच्या फॅशनने तिला ते पोट लपवायला झालर दिली होती.

पण त्याच फॅशनने स्टूल काढून नेलं.

ट्रायल रूमच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचं स्टूल असायचं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मुली आळीपाळीने त्याच्यावर टेकायच्या. फार नाही, पाय मोकळे करण्यापुरतं. नवे ड्रेस आले त्या आठवड्यात मॅनेजरबाईंनी ते उचलायला लावलं. वहिनी रात्री जेवताना त्यांची नक्कल करून दाखवायची, हात हवेत नाजूक फिरवत: “बसलं की प्लीट्स क्रश होतात, डिअर. तुम्ही आमच्या चालत्याबोलत्या डिस्प्ले आहात ना? मग डिस्प्ले बसतो का कधी?” ट्रायल रूमवर असणारी तिची मैत्रीण यावर हळूच म्हणाली होती, “पुतळ्यांचं बरं आहे बाई. त्यांना डोकंच दिलेलं नाही, त्यामुळे टेन्शन नाही.”

वहिनी ही नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. मग ती पाय दिवाणावर घ्यायची आणि हसणं थांबायचं. चपलेच्या पट्ट्यांच्या खुणा पावलांवर खोल उमटलेल्या असायच्या. आई गरम पाण्याची बादली आणायची. भाऊ खाली बघत जेवायचा. बाबा एकदाच म्हणाले, “आमच्या कारखान्यात मशीनवाल्याला तरी बाक होतं.”

त्या दिवसांत मी रोज सकाळी आईला साडी नेसताना बघायचे आणि माझा संताप वाढत जायचा. आई पाचवारी नेसते. बोटांत घेऊन भराभर निऱ्या घालते, खोचते आणि कामाला लागते. खाली बसून भाजी निवडते, पाय पसरून गहू पाखडते, गच्चीवर दोन मजले चढून जाते. निऱ्या तिच्याबरोबर उघडतात आणि मिटतात. निरी म्हणजे असतं काय? कापडात राखून ठेवलेली जागा. पाऊल टाकायला, वाकायला, बसायला, पोट वाढलं तर त्यालाही. आपल्या आया-आज्यांनी हे इतकं साधं ज्ञान रोज सकाळी कमरेला खोचलं. आणि आता यंत्रात भाजून कायमच्या पाडलेल्या चुण्या आल्या आहेत, ज्या माणसाला जागा देत नाहीत, उलट माणसानेच त्यांच्यासाठी जागा सोडायची. चुणी सरळ राहावी म्हणून पोटुशी बाई ताठ उभी. याला स्टाइल म्हणायचं?

पाचवा महिना लागला तशी आईने चोरचोळीची तयारी केली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. डोहाळेजेवण सगळ्यांना बोलावून होतं, पण त्याच्या आधी पाचव्यात घरच्या घरी, गाजावाजा न करता हिरवी चोळी आणि हिरव्या बांगड्या द्यायच्या असतात. कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. ही चोरी आईला फार प्रिय. दार लोटून, शेजारणीला सुगावा लागू न देता तिने वहिनीला पाटावर बसवलं, हिरवा खण दिला आणि बांगड्या पुढे केल्या.

वहिनीने हात मागे घेतला. “आई, दुकानात बांगड्या चालत नाय.”

“एवढी मनगटावर झालर आहे तुझ्या. कोण बघतंय?”

“वाजतात त्या.”

“वाजू देत की. माझ्या नातवंडाला ऐकू येऊ देत.”

मी मध्ये पडले. म्हटलं, आई, प्रश्न तिच्या नोकरीचा आहे. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या पत्रकात बांगड्या बसत नाहीत, ते मला माहिताय. तू गप्प राहा.” मग वहिनीकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. “बाळंत होईपर्यंत काढू नको गं. माझं एवढं ऐक.” सासूने असं मागितल्यावर कुठली सून नाही म्हणेल? वहिनीने हात पुढे केला. रोज सकाळी निघताना ती बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, केसांच्या रबराने घट्ट करायची आणि त्यावर बाहीची झालर ओढायची. आईला वाटायचं, आपण बाळाला जपतोय. वहिनीला वाटायचं, आपण आईंना जपतोय. तिला कोण जपत होतं?

मग तो रविवार.

रविवारी भाऊ कामावर असतो, म्हणून तिला आणायला मी जायचे. दुकानात गिऱ्हाईक असल्यासारखी फिरायचे. वहिनी गंभीर चेहऱ्याने यायची, “मॅम, साइज बघू का तुमचा?” आणि जाताना मला चिमटा काढायची. त्या दिवशी चिमटा नव्हता. तिचा चेहरा ओढलेला होता. होळीच्या आधीचा रविवार, गर्दी भरपूर, आणि सकाळपासून ती उभी होती.

एक आई आणि तिची लेक आत आल्या. दोघी बोलक्या, छान कपड्यांतल्या, जवळच्याच टॉवरमध्ये राहणाऱ्या. लेकीला सातवा महिना. तिच्या डोहाळेजेवणाच्या फोटोंसाठी झालरीचा लांब ड्रेस हवा होता. “पोट छान दिसलं पाहिजे हं,” असं लेक तीनतीनदा सांगत होती. आता हेही फॅशनमध्ये आहे, तुम्ही फोटो पाहिले असतीलच. हातांचा बदाम करून पोटावर ठेवायचा, झालरी वाऱ्यावर सोडायच्या.

मॅनेजरबाई धावत आल्या. “मॅम, अशा वेळी उभं नाही राहायचं! बसा आधी.” आणि वहिनीला म्हणाल्या, “आतली खुर्ची आण पटकन.” त्यांच्या केबिनमधली गादीची खुर्ची. ती वहिनीने आणली, उचलून. पाचव्या महिन्यातल्या बाईने सातव्या महिन्यातल्या बाईसाठी खुर्ची उचलून आणली आणि स्वतः तिच्या शेजारी उभी राहिली. दोघींना तीच झालर हवी होती. एकीला पोट दाखवायला, एकीला लपवायला. मी हँगरच्या रांगेमागून बघत होते.

लेकीने वरच्या दांडीवरचा गुलाबी ड्रेस मागितला. वहिनीने हात उंच केला. बाही घसरली, रबर तुटलं की सरकलं कोण जाणे, आणि सगळ्या बांगड्या खळकन मनगटावर आल्या.

“अगं बाई!” लेकीची आई म्हणाली. “हिरवा चुडा! चोरचोळी झाली वाटतं! कितवा गं?”

वहिनीने मॅनेजरबाईंकडे पाहिलं. “नाही मॅम... म्हणजे...”

“लाजतेस काय? पाचवा ना? मी चेहऱ्यावरूनच ओळखलं.” आनंद झालेली माणसं हळू बोलत नाहीत. त्या बाईंनाही हळू बोलता आलं नाही. अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं. “बघ गं, तुझ्या बाळाला मैत्रीण मिळाली,” त्या लेकीला म्हणाल्या आणि हातातली पिशवी उघडायला लागल्या. लेकीच्या ओटीचं सामान त्या येतानाच घेऊन आल्या होत्या. नारळ, खण, तांदळाची पिशवी, हळकुंड, सुपारी. पर्समधून कुंकवाची डबी काढली. “सवाष्ण पोटुशी समोर आली आणि ओटी न भरता गेले तर मला घरी झोप लागायची नाही. ये इकडे.”

ओटी नाकारायची नसते. वहिनीला माहीत होतं, मला माहीत होतं, मॅनेजरबाईही मराठी, त्यांनाही माहीत होतं. तिघीजणी तिथे उभ्या होतो आणि एकीलाही ते थांबवता आलं नाही.

बाईंनी कुंकू लावलं, ओंजळ भरली आणि थांबल्या. “पदर... अरेच्चा. बरं, त्या झालरीतच घे. कापडच आहे ना, झालं.”

वहिनीने कमरेजवळची झालर दोन्ही हातांनी वर उचलून पुढे धरली. आणि तिच्या खालच्या चुण्या, ज्या इतके दिवस सरळ राहाव्यात म्हणून ती उभी राहिली होती, त्या पोटावर उघडून ताणल्या गेलेल्या सगळ्यांना दिसल्या. झालरीत तांदूळ पडले, नारळ पडला, खण पडला. “सुखरूप बाळंत हो,” बाई म्हणाल्या. वहिनी वाकायला गेली तर त्यांनी धरलं. “वाकू नकोस वेडे.” मॅनेजरबाईंना म्हणाल्या, “गोड पोरगी आहे तुमची. जपा हं हिला.”

“ऑफ कोर्स, मॅम,” मॅनेजरबाई म्हणाल्या.

गुलाबी ड्रेसचं बिल झालं. मायलेकी गेल्या. माझा त्या बाईंवर राग आहे का? आहे. त्या प्रेमळ होत्या, म्हणूनच जास्त आहे. त्यांना बाहीखालचा चुडा दिसला आणि सुजलेली पावलं दिसली नाहीत. आपल्या माणसांची माया अशीच असते. ओंजळ भरून देते, आशीर्वाद देते, आणि शेजारी रिकामी खुर्ची असली तरी ‘बस’ म्हणत नाही.

त्या वळल्या तशा मॅनेजरबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ती खुर्ची आत ठेव. आणि केबिनमध्ये ये, बोलायचंय.”

वहिनी खुर्चीपाशी गेली. ओटी सांभाळत खुर्ची उचलायला हात मोकळा नव्हता. एक क्षण ती तशीच उभी राहिली. मग ती बसली.

गादी होती ती, तिच्यात ती चांगली खोल बसली. झालरी चपट्या झाल्या, चुण्या मांडीखाली गेल्या. तिने पाय समोर सरळ केले आणि डोळे मिटले. मी आजवर बरीच भाषणं ऐकली आहेत, मोर्चेही पाहिले आहेत. एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नाही, आणि तिने तोंडही उघडलं नव्हतं.

“उठ,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “ड्रेस क्रश होतोय.”

“होव दे.” तिने डोळे उघडले. दुकानात पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरची बोली आली. “मना पाचवा हाय, मॅडम. लपवायचा होता तवा उभी होती. आता सगल्यांना कललंय. आता कनाला उभी राहू?”

दोन-तीन गिऱ्हाइकं बघायला लागली होती. मॅनेजरबाई खाली वाकल्या, आवाज मऊ केला. “मला आधी सांगायचं ना, डिअर. मी काहीतरी केलं असतं.”

“काय केलं असतं?”

मॅनेजरबाई सरळ झाल्या आणि बघणाऱ्या गिऱ्हाइकांकडे पाहून हसल्या. त्यांनाही दोन मुलं आहेत, त्यांच्या वेळी त्यांनीही असंच काहीतरी लपवलं असेल, मला माहीत नाही. त्या वाईट बाई नाहीत. पण वाईट नसलेल्या माणसांनी उचलून नेलेलं स्टूलही परत येत नाही. ट्रायल रूमची मैत्रीण पाण्याचा ग्लास घेऊन आली. वहिनीच्या हातात तो देत म्हणाली, “डिस्प्ले बसला गं बसला. दर्शन घ्या.” कुणीतरी हसलं. वहिनी पाणी प्यायली, सावकाश, आणि मगच उठली. केबिनमध्ये मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या की आता एजन्सीला कळवावं लागेल.

घरी आल्यावर आई रडली. माझ्या बांगड्यांनी घात केला म्हणाली. वहिनीने तिला जवळ घेतलं. “बांगड्यांचं काय चुकलं, आई? स्टूल काय बांगड्यांनी उचललं?” बांगड्या अजून तिच्या हातात आहेत. कोपरावर सारलेल्या नाहीत, मनगटावर.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा फोन आला. आवाज अगदी घरच्यासारखा. “ताई, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. स्वखुशीने राजीनामा लिहून द्या, बाळ झालं की परत घेऊ.” वहिनी म्हणाली, “माझी खुशी नाय.” त्याच दिवशी तिने गरोदर असल्याचं एजन्सीला लेखी कळवलं. आता तिला सरळ काढणं त्यांना जड जातंय. म्हणून तिला फ्लोअरवरून हलवलं. मागच्या गोदामात, जिथे खिडकी नाही. तिथे ती काय करते माहिताय? गिऱ्हाइकांनी घालून बघितलेल्या ड्रेसच्या मोडलेल्या चुण्यांवर वाफ मारते. हातात वाफेचं यंत्र, समोर टांगलेले ड्रेस. ते काम बसून होत नाही. टांगलेल्या ड्रेसच्या खालच्या झालरीपासून वरच्या गळ्यापर्यंत हात न्यावा लागतो. म्हणजे ती अजून उभीच आहे. फक्त आता तुम्हाला दिसत नाही.

ती राजीनामा देणार नाही. रोज सकाळी जाते. रोज तिथे खुर्ची मागते. रोज ‘बघू’ म्हणतात. मी पत्रक लिहायला घेतलं होतं. दुकानाचं नाव, एजन्सीचं नाव, सगळं ठळक. वहिनीने वाचलं आणि पेनाने नावं खोडली. “नाव टाकलंस तर मना काडतील आनि त्या पोरींना पन. आनि लोक वाचतील, वाईट वाटून घेतील, दुसऱ्या दुकानात जातील. तिथे तरी कोन बसलंय? एकाच दुकानाचा विषय हाय काय हा?”

मला तिचं पटायला वेळ लागला, रागाने बोलणं बंद केलं मी दोन दिवस. पण ती खरं बोलत होती. मी त्यानंतर वाशीतली, नेरुळमधली दुकानं मुद्दाम बघत हिंडले. काचेमागे तेच झालरीचे ड्रेस, आणि काचेच्या आत तेच ड्रेस घातलेल्या मुली, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभ्या. त्यांच्यातल्या कुणाला पाळी आली असेल, कुणाचा गुडघा दुखत असेल, कुणाला पाचवा असेल. चुण्या मात्र एकीच्याही मोडलेल्या नव्हत्या.

पाडवा तोंडावर आला आहे. तुम्ही नवीन कपडे घ्यायला निघाल. निघा, घ्या, आवडली तर झालरीचेच घ्या. फक्त पैसे देण्याआधी काउंटरवर मोठ्याने विचारा, “या मुलींनी बसायचं कुठे?” ‘मॅनेजरना सांगतो’ म्हणाले तर मॅनेजरना बोलवायला सांगा. गोदामात कोण आहे, तिला खुर्ची आहे का, तेही विचारा. हसतील, टाळतील, तुम्हाला ‘मॅम’ म्हणून पाणी देतील. हटू नका. खुर्ची आणून ठेवेपर्यंत आणि तिच्यावर दुकानातली एक मुलगी तुमच्या डोळ्यांसमोर बसेपर्यंत बिल करू नका.